नकार पहिल्या ओळीत लिहायला लावणारे अप्पा

लातूरच्या आमच्या डाळ मिलच्या आवारात कडुलिंबाखाली एक लांबलचक बाकडं होतं. मन्मथअप्पा उदगिरे यांची आणि माझी पहिली भेट त्या बाकड्यापायी झाली. गोदाम सांभाळायच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. आत गेलो, तर अप्पांनी शिक्षण विचारलं नाही की गाव विचारलं नाही.

"बाहेर बसलेल्यांपैकी तुमच्याबिगर कोणाला घ्यावं वाटतं?"

मी गांगरलो. दोन तास मी लिंबावरचे पोपट बघत, शाळेतल्या कविता मनात घोळवत बसलो होतो. शेजाऱ्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तसं सांगून टाकलं.

अप्पा हसले. "मंग गोदामावर तुमचा उपयोग न्हाई, कविराज. दारातून पोतं जाईल अन् तुम्ही पोपट बघत बसाल. पण अर्ज सुरेख लिवलाय. पत्रं लिवता का आमची?"

त्या दिवसापासून अप्पा निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या टेबलाशेजारी बसून पत्रं लिहिली. मिलमध्ये हमालापासून मुनिमापर्यंत माणसं निवडायचं काम अप्पांकडं होतं, आणि बाकड्याचा तो प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. आपली गरज बाजूला ठेवून ज्याला दुसऱ्याचा गुण दिसतो, त्याला मालही पारखता येतो, असं त्यांचं मत होतं. दुसरा नियम असा, की ज्याला घ्यायचं नाही त्यालाही आठ दिवसांत हातानं लिहिलेलं पत्र जायचं. "माणूस एसटीत उभ्यानं आलेला असतो. त्याला वाट बघायला लावू नये," असं ते म्हणत.

याच नियमात माझ्या हातून एक घोर चूक झाली. अप्पांना पंच्याहत्तरावं वर्ष लागत असताना मला तीच सांगावीशी वाटते.

एकदा गोदामाच्या त्याच जागेसाठी इस्लापूरचे गोविंदराव आले होते. हिमायतनगरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते मशीनवर होते. बाकड्याच्या प्रश्नाला त्यांनी क्षणात उत्तर दिलं. "त्या निलंग्याच्या बाईंना घ्या साहेब. दारातली तूर त्यांनी दाताखाली धरली अन् ओली हाय म्हणून सांगितलं. मला न्हाई कळलं." अप्पांनी त्या बाईंनाच, सुलोचनाबाईंना, घेतलं.

गोविंदरावांना नकार कळवायचं माझ्याकडं आलं. एवढा मनाचा मोठा माणूस, त्याला 'नाही' कसं लिहावं? लेखणी धजेना. मग मी त्यांच्या मनाला भरल्या कणसाची उपमा दिली, त्यांच्या येण्यानं आमचं आवार उजळलं असं लिहिलं. पानभर कौतुक झालं. नकार तेवढा राहिला. त्या दिवशी अप्पा उदगीरला गेले होते. पत्र त्यांच्या नजरेखालून न जाताच टपालात पडलं.

पंधरा दिवसांनी गोविंदराव ट्रंक, स्टोव्ह आणि मंडळींसह मिलच्या फाटकात उभे. जिनिंगची नोकरी सोडून आले होते!

अप्पांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. "ह्याच्यात 'न्हाई' कुठं हाय, कविराज?"

गोविंदराव ट्रंक खाली ठेवून बाकड्यावर बसले. त्यांच्या मंडळी हळूच म्हणाल्या, "तिकडं तर खोली बी सोडली आम्ही."

मी अप्पांना बाजूला घेऊन विनवलं, एखादी जागा काढा. अप्पा म्हणाले, "आपली चूक झाकायला दिलेली नोकरी माणसाच्या अंगी लागत न्हाई. त्यांचा हात मशीनवर चालतो. हितं पोती मोजून ते झुरतील. त्यांना परत जिनिंगवर पोचवू. पिशवी घ्या, तुमी बी चला."

मंडळींना अक्कांजवळ, म्हणजे अप्पांच्या पत्नींजवळ, ठेवून आम्ही तिघं एसटीनं नांदेडला आणि तिथून हिमायतनगरला गेलो. जिनिंगचे शेठ गोविंदरावांना पाहताच कडाडले, "काहून आला आता? लातूरचं वारं मानवलं न्हाई का?"

अप्पा हात जोडून पुढं झाले. "शरणार्थ शेठ. ह्यांची चूक न्हाई, आमच्या पत्राची हाय. ज्यांनी लिवलं ते सांगतील."

मी भर जिनिंगमध्ये, दहा माणसांसमोर सगळं सांगितलं. शेठनी पत्र मागून घेतलं, वाचलं आणि खो खो हसत सुटले. "भरलं कणीस? अरे, मला तर हा रोज खराट्यासारखा टोचून राहिला, मशीनचा पट्टा बदला म्हणून!" मग अप्पांकडं वळून म्हणाले, "ज्याला घेतलं न्हाई, त्याच्यासाठी तुम्ही लातूरहून आलात?"

"माणूस लई कामाचा हाय म्हणून," अप्पा म्हणाले.

शेठनी पत्राची घडी करून ती गोविंदरावांच्या हातात दिली. मग ओरडले, "गोविंदा, बघत काय राहिला? तुझ्याबिगर चार दिवस मशीन बंद हाय!"

परतताना मला वाटलं, आता आपली पाळी. नांदेडच्या स्टँडवर अप्पांनी चहा मागवला. "पत्रं तुमीच लिवायची. कणीस लिवा, चांदणं लिवा, पण पहिल्या ओळीत 'न्हाई' लिवा. माणसाला आधी खरं कळू द्या, मंग गोड लागतं."

पुढं दर शनिवारी काम आटोपल्यावर अप्पा मला एक कविता म्हणायला लावत. "कळलं न्हाई, पण बरं वाटलं," एवढाच अभिप्राय! तेवढ्यावर माझा पुढचा आठवडा निघे. आज निवांत दुपारी डोळे मिटले की ते बाकडं दिसतं, पोपट दिसतात, आणि आतून हाक येते, "कविराज, पुढचे कोण?"

गोविंदराव त्याच जिनिंगमधून मुख्य मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. परवा त्यांचा फोन होता, अप्पांच्या सत्काराला ते येणार आहेत. "पत्र जपून ठेवलंय," म्हणाले. "माझं इतकं कौतुक नंतर कोणी केलंच न्हाई!"

अप्पा, मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत यावी हा तुमचा नियम. तो आज मी मोडला. आपल्या माणसासाठी मागणं मागताना लेखणी पुन्हा धजेना. आता शेवटच्या ओळीत का होईना, आडपडदा न ठेवता लिहितो: तुम्ही शंभरी पाहावी, हातपाय धड राहावेत, नजर अशीच पारखी राहावी, आणि शनिवारी माझी कविता ऐकायला तुम्ही असावं.