आत माणसं निजलीत

सिमेट्रीचं लोखंडी फाटक आलं की मास्तर डावा हात खांद्यापर्यंत वर करायचे. मागचा सगळा बँड तिथल्या तिथे आवाज उतरवायचा. ढोलवाला काठी बगलेत मारून नुसत्या बोटांनी वाजवायला लागायचा, आणि मास्तर मान वळवून सांगायचे, "हळू रे. आत माणसं निजलीत."

तुम्ही दोघांनीही हे पाहिलं आहे. मागे सुट्टीत आला होतात तेव्हा आपल्या गॅलरीतून धाकट्याने विचारलं होतं, "आजी, त्यांचा आवाज कोणी कमी केला?" मी तेव्हा अर्धवट उत्तर दिलं, कारण गॅसवर दूध होतं. आता क्रमाने सांगते.

मास्तर मरोळच्या गावठाणात, आपल्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून राहायचे. इथले मूळचे ख्रिस्ती ते. घरात बोलणं मराठीत आणि भांडणंही मराठीत. आठवडाभर ते एका कारखान्यात लेथ मशीन चालवत आणि सुट्टीच्या दिवशी ट्रंपेट वाजवत. लग्नाला आणि मयताला ट्रंपेट तोच, पांढरा शर्टही तोच, फक्त टाय बदलायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून त्यांच्या लेखी मी "टीचर". निवृत्त झाले तरी टीचरच राहिले.

मास्तरांचं एक मत पक्कं होतं. माणूस मेला की झोपतो. तो काही बघत नाही, ऐकत नाही, वाट पाहत नाही. येशू परत येईल त्या दिवशी देवाचा कर्णा वाजेल आणि सगळे एकदम उठतील. "उठवायचं काम त्या शेवटच्या ट्रंपेटचं आहे, टीचर," ते म्हणायचे. "आपण मधेच कशाला कोणाची झोपमोड करायची?"

त्यांच्या बायकोचं मत याच्या बरोबर उलट होतं. बाई म्हणत, मेलेली माणसं टक्क जागी असतात. त्यातही बाईंची आई जास्तच जागी, आणि तिचं सगळं लक्ष जावयाच्या ग्लासाकडे.

हा वाद त्यांच्या मागच्या ओसरीवर, बाई मासळी साफ करायला बसल्या की सुरू व्हायचा. माझी स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्यावरच उघडते. मी मुद्दाम ऐकत नसे. पण खिडकी बंदही करत नसे.

"लाजरचं घे," मास्तर म्हणायचे. लाजर म्हणजे येशूने मेल्यानंतर चार दिवसांनी उठवलेला माणूस. "चार दिवस मेला होता. उठल्यावर तिकडचं एक अक्षर बोलला? आपल्याकडचा माणूस चार दिवस वसईला जाऊन आला तर महिनाभर सांगत बसतो. हा गप्प का? कारण झोपला होता."

"त्याच्या घरात दोन बहिणी होत्या," बाई बोंबलाचं डोकं उडवत म्हणायच्या. "बोलायला मिळालं असेल का बिचाऱ्याला?"

एकदा मास्तरांच्या चाव्या हरवल्या. हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीला त्यांनी ओसरीवरूनच हाक मारली. बाई याचीच वाट बघत होत्या. "कोणाला बोलावतोस रे? तो झोपलाय ना?"

मास्तरांनी खिसे पुन्हा चाचपले. मग म्हणाले, "संतांचं वेगळं असतं, बाय. त्यांना नाइट ड्यूटी असते."

त्यांच्या घरची कबर पिढीजात होती. नवं माणूस आलं की जुन्याची हाडं पांढऱ्या कापडात बांधून पायाशी ठेवतात. मास्तर म्हणायचे, "मामाला मी या हातांनी सरकवलं. हूं का चूं केलं नाही त्याने. एवढी गाढ झोप."

"मामा तिथे असेल तर हूं करेल ना," बाई म्हणायच्या. "तो वर बसून बघत होता, तू त्याचं डोकं कुठल्या बाजूला ठेवलंस ते."

चर्चचे नवे फादर बाईंच्या बाजूचे निघाले. आत्मा जागा असतो, असं त्यांनी व्यवस्थित समजावून सांगितलं. मास्तरांनी आदराने ऐकलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "फादर शिकलेले आहेत. पण त्यांनी पुरलीत किती आणि मी पुरलीत किती."

शेवटी दोघं माझ्याकडे वळायचे. "टीचर, तुम्ही दुसऱ्या धर्माच्या, तुम्हाला कोणाची बाजू नाही. तुम्ही निकाल द्या." मी सांगायची, या प्रश्नाची उत्तरं पुस्तकाच्या मागे दिलेली नाहीत. दुपारी मास्तर जेवून ओसरीवरच आडवे व्हायचे. बाई शेजारी बसून तांदूळ निवडत त्यांना गावठाणाच्या बातम्या सांगायच्या. ते घोरत असायचे. बाईंचं काही अडत नसे.

एकदा मासळी धुता धुता बाई म्हणाल्या, "मला न्याल तेव्हा फाटकाच्या आत मोठ्याने वाजव हां. आपल्या लग्नात नाचाला वाजवलेला तो वॉल्ट्झ. मी ऐकत असणार."

"ऐकशील कशी? झोपलेली असशील."

"तू वाजव तर."

बाई गेल्या त्या बाजारातून आणलेली कोलंबी ओट्यावर तशीच ठेवून. नको नको म्हटलं तरी मास्तर बँडच्या पुढे उभे राहिले. रस्ताभर न चुकता वाजवलं. फाटक आलं, आणि त्यांचा डावा हात नेहमीसारखा वर गेला. मागे ढोलवाला बोटांवर आला. कबरीपाशी मास्तरांनी तो वॉल्ट्झ वाजवला, पण इतका हळू की मागच्या रांगेत मला मेणबत्त्यांची तडतड जास्त ऐकू येत होती.

त्यांना ते कळलं घरी आल्यावर, टाय सोडताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. "टीचर, वाट लागली. हात आपोआप वर गेला. आता ती झोपली असेल तर प्रश्न नाही. पण जागी असेल तर? एवढं एकच मागितलं होतं तिने."

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना, झोपतात म्हणून."

"म्हणतो. आता तेच खरं निघायला पाहिजे, नाहीतर मी तोंड कसं दाखवू? पण ते खरं असेल तर मी कालपासून बोलतोय कोणाशी?"

मी त्यांना चहा दिला.

त्यानंतर मास्तर दोन्हीकडचं सांभाळून राहू लागले. संध्याकाळी ग्लास भरण्याआधी बाईंचा फोटो भिंतीकडे वळवून ठेवत. मी म्हटलं, झोपलेल्या माणसाचा फोटो कशाला वळवायचा? ते म्हणाले, "डोळ्यांवर उजेड नको, टीचर."

पितृपक्षात मी तुमच्या पणजोबांचं पान गच्चीवर ठेवलं, तेव्हा ते खालून बघत होते. "तुमचं बरं आहे. तुमच्यात कावळा येऊन सांगतो तरी." दुसऱ्या दिवशी त्यांच्या कौलांवर फुगिया दिसल्या, म्हणजे मैद्याचे ते तळलेले गोळे, बाईंना फार आवडायचे. कावळा आला, एक घेऊन गेला, दुसरीसाठी परत आला. मला वाटलं, आता मास्तर निवांत होतील. ते मान हलवत म्हणाले, "हा कोंबडीच्या पिसांनाही चोच लावतो. याची साक्ष कच्ची आहे."

नोव्हेंबरात त्यांच्यात सगळ्या मृतांचा दिवस असतो. कबरी धुतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. मास्तर मला सोबत घेऊन गेले. "साक्षीदार पाहिजे," म्हणाले. त्यांनी खिशातून बाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि बोळा करून ट्रंपेटच्या पुढच्या तोंडात बसवला. "हा मधला मार्ग. झोपली असेल तर झोप मोडणार नाही. जागी असेल, तर तिचे कान तिखट आहेत."

मग ते उकिडवे बसले आणि ट्रंपेट दगडाला जवळजवळ टेकवून त्यांनी तो वॉल्ट्झ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. शेजारच्या घरात कोणी काम करता करता गुणगुणावं तसा आवाज येत होता. संपल्यावर मान तिरकी करून थोडा वेळ थांबले.

"काही कळलं?" मी विचारलं.

"काही नाही." गुडघ्यावर हात देऊन ते उठले. "पण पूर्वीही मी वाजवल्यावर ती कुठे काय बोलायची. चला."

मग दरवर्षी आम्ही असेच जात राहिलो.

यंदा मास्तर गेले, ओसरीवर, दुपारच्या झोपेत. तांदूळ निवडायला कोणी शेजारी नव्हतं, म्हणून संध्याकाळपर्यंत कोणाला कळलं नाही.

घरची कबर उघडली. बाईंची हाडं पांढऱ्या कापडात बांधून पायाशी ठेवली. बँड फाटकापाशी येऊन थांबला, आणि पुढे कोणी हात वर करेना. ढोलवाला मला शोधत मागे आला.

"टीचर, आत काय करायचं? मास्तरांचं म्हणणं हळू. आंटीचं म्हणणं मोठ्याने. दोघं एकाच कबरीत."

इतकी वर्षं टाळलेला निकाल मी तिथे उन्हात उभी राहून दिला. "मोठ्याने."

"आणि मास्तर झोपले असतील तर?"

"बाई दुपारभर शेजारी बसून बोलायच्या, तेव्हा ते उठायचे का?"

त्याने गंभीरपणे विचार केला. "नाही. कधीच नाही."

"मग वाजवा."

रस्ताभर शवपेटीवर ठेवलेला मास्तरांचा ट्रंपेट आता दुसऱ्याने घेतला. त्याने तोंडाला लावला तर आवाज दबलेला. आत बोट घालून त्याने लुगड्याचा तुकडा ओढून काढला, कुठे ठेवावा कळेना, म्हणून माझ्या हातात दिला. मग त्यांनी तो वॉल्ट्झ वाजवला, रस्त्यापलीकडचे दुकानदार बाहेर येऊन बघतील असा. त्याचा मधला भाग चांगलाच खट्याळ आहे. इतकी वर्षं मला ते कळलंच नव्हतं.

सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी तो तुकडा टाकला. नारळावरचे कावळे एकदम उठले. खाली कोणी हललं नाही. तरी मान तिरकी करून मी थोडा वेळ थांबले.