हिराची मिश्री

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. पोराला नाही, भावाला नाही. तुम्ही माझ्या नात्यातले नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ तरी उचलते.

माझी बायको हिरा तोंडाच्या कॅन्सरने गेली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. उशीर का झाला — ते मला ठाऊक आहे.

तिला मिश्री लागायची. उठली की भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांना चोळायची. गावाकडची सवय, शहाडला जन्म गेला तरी सुटली नाही. मला त्याची लाज. मी स्वतः विड्या फुंकणारा माणूस — आणि लाज कुणाची, तर तिची?

गुडघ्यांसाठी तिला ठाण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलेली. तिथं डॉक्टरकी शिकणारी पोरं होती. पेशंटची माहिती कॉम्प्युटरात कशी भरायची, ते त्यांची मॅडम शिकवत होती. भरलेलं सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसायचं. एका पोरीने विचारलं, "आजी, तंबाखू, मिश्री काही?"

हिराने तोंड उघडलं. मीच बोललो, "नाही."

मॅडम पोरीला म्हणाली, "नातेवाइकाचं टाकू नकोस, आजींनाच विचार. इथं चुकीचं पडलं की पुढचे सगळे तेच वाचतात."

"आजी, तुम्ही सांगा ना."

"ती काय सांगणार? आमच्यात बायका असले धंदे करत नाहीत."

पोरं हसली. हिराने माझ्याकडे बघितलं, आणि नाही म्हणाली. माझ्यापुढे दुसरं काय म्हणणार होती?

पुढे तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. तिथलेच डॉक्टर स्क्रीनवरचं ते 'तंबाखू नाही' वाचायचे आणि ताकदीच्या गोळ्या द्यायचे. घरी ती म्हणायची, "अहो, आता तरी सांगूया." मी म्हणायचो, "गप बस. खोटं पडायचंय का चारचौघांत?"

ती गप बसली.

ती गेल्यावर, आईची मिश्री दवाखान्याच्या कागदात 'नाही' पडलेली बघून मुलाने तक्रार केली — शिकाऊ पोरीने नीट विचारलंच नाही म्हणून. दवाखान्याने आम्हाला बोलावलं. मॅडम तोवर नोकरी सोडून गेलेली, बाकीच्या पोरांना कुणी विचारलं नाही. पोरगी माझ्यासमोर उभी. "आजोबा, मी दोनदा विचारलेलं. तुम्ही होतात."

मी म्हटलं, हिने काही विचारलं नाही.

तिचं वर्ष बुडालं. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला न्याय मिळाला."

मी त्याला म्हणू दिलं. तो अजून म्हणतो. मी अजून म्हणू देतो.