माझं पोट दुखत नव्हतं

"गावाला प्यायला पानी न्हाई, आन हिचं पोट धुवायला बादल्यावर बादल्या. ह्यांना मरायचं बी दुष्काळातच सुचतं."

माझ्या उशाला उभं राहून म्हनली. दवाखान्यातली झाडू-पोछा करनारी मावशी. माझ्या नाकात नळी, डोळे मिटल्यालं. तिला वाटलं ही बेसुद हाय. मी नव्हते. शेजारच्या खाटंवरची बाई फिस्सकन हसली, त्ये बी मला ऐकू आलं.

मी काय केलं, कसं केलं, त्ये सांगनार न्हाई. त्ये कोनी शिकावं असं न्हाई. कावून केलं, त्ये सांगते.

आमी ऊस तोडायला जानारी मानसं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी बी जोडीचीच. आदल्या साली फडातच माझ्या पोटातलं लेकरू गेलं. दुसऱ्या दिशी परत मोळी डोक्यावर. मुकादमाला सुट्टी मागितली तर म्हनला, "बाळातीन झालीस व्हय?" गावाला आलो तरी माझ्या जिवाला थारा नव्हता. नंतर पाऊसच पडला न्हाई. नवरा भावाला जोडीला घिऊन लांब कर्नाटकात गेला. घरचे दोन बैल घिऊन मी चारा छावनीत.

छावनी सोसायटीनं चालिवली व्हती. सोसायटीचे चेरमन म्हंजे आबा. गावातलं मोठं घर, मोठी जमीन, मोठा आवाज. लगनात पंगत आबा बसल्याबिगर बसत न्हाई, आन भांडन आबा म्हनल्याबिगर मिटत न्हाई.

छावनीत मला झोप येईना. भाकरी मातीवानी लागायची. रडू बी येईना. बाकीच्या बाया हसायच्या, गानी म्हनायच्या, मला वाटायचं ह्या कशाला हसायल्यात? आत्याबाईला, म्हंजे माझ्या सासूला सांगितलं. त्या म्हनल्या, "काम कर, आपसूक झोप येती." कामच तर करत व्हते की वो!

एका दुपारी मी अशीच एकटक बघत बसले. बैल कवा सुटला, कळलं न्हाई. त्यानं जाऊन सोसायटीच्या वाड्याच्या, म्हंजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, गंजीत तोंड घातलं. नेमकं त्याच टायमाला आबा पाव्हन्यांना छावनी दाखवायला आलते. पांढऱ्या कापडातली पाच-सात मानसं. आबा माझ्याकडं बघून वरडले:

"जनावराला दावं हाय, तसं हिलाबी लावा रे. खुट्ट्याला बांधा आन पेंड घाला."

सगळी छावनी हसली. पाव्हने हसले. एका गड्यानं खरंच दावं आनलं आन माझ्या खांद्यावर टाकलं. मी त्ये तसंच घिऊन उभी. काढून फेकायचं बी सुचलं न्हाई. इतकं आतून इझलं व्हतं सगळं.

एका दाव्यानं कोनी मरायला जात न्हाई. लई दिवसाचं साचत आल्यालं असतं, आन मानूस आजारी असतं. मी आजारी व्हते. पाय मोडला की दिसतो, ताप आला की हाताला लागतो. ह्यो आजार ना मला कळला, ना कोनी मला सांगितला.

तर मी खाटंवर. दुसऱ्या दिशी नळी काढली. नवरा अजून वाटंतच व्हता, त्याच्या आधी आबा आले. संगं पोलीस ठान्याचा जमादार, जबाब घ्यायला. पायथ्याला आत्याबाई.

आमच्या गावची एक रीत हाय. बाईनं असं काई केलं की आबा आधी पोचत्यात, आन जबाब ठरल्याला असतो. पोटदुखी. आमच्या गावात बायांची पोटं लई दुखत्यात बघा! वस्तीवरली सून गेली, पोटदुखीला कटाळून. दोन लेकरांची माय गेली, पोटदुखी. नवं लगीन झाल्याली पोर गेली, हळद निघाली नव्हती, तिचं बी पोटच दुखत व्हतं म्हनं. गडी गेला की त्यो शेतकरी असतो. दारात गाड्या येत्यात, फोटू निघत्यात, पुढारी हळहळत्यात. बाई त्याच रानात तितकीच राबल्याली, पन जमीन तिच्या नावावर न्हाई, म्हून ती शेतकरी न्हाई. तिला डोकं न्हाई, मन न्हाई, दुक न्हाई. तिला फकस्त पोट.

जमादारानं इचारलं, "काय झालं होतं, बाई?"

मी तोंड उघडायच्या आधी आबा बोलले. "पोट दुखत व्हतं तिचं. जुना तरास हाय. लिवा." मग माझ्याकडं वाकले. आवाज बारीक, गोड. "सूनबाई, दुसरं काय बोललीस तर तुझ्यावरच केस व्हती. जेलात जाशील. आन बैलं आजच छावनीच्या भाईर."

आत्याबाई माझा पाय दाबत म्हनल्या, "म्हन की गं बाई. माझ्या बहिनीच्या टायमाला बी हेच म्हनलो आमी."

मी त्यांच्याकडं बघत ऱ्हायले. त्यांना बहीन व्हती, ह्ये मला ठावच नव्हतं. घरात कधी नाव निघालं न्हाई. पोटदुखीत गेल्यालीचं नाव कोन काढतंय?

तवा माझ्या आत काईतरी हाललं. लई म्हैन्यांनी मला काईतरी वाटलं. राग. नळीनं गळा सोलपटल्याला, आवाज फुटंना, तरी म्हनले:

"न्हाई. माझं पोट दुखत नव्हतं. मला जगावं वाटत नव्हतं. माझं लेकरू गेलं त्याला कोनी रडू दिलं न्हाई. आन ह्या आबानं पाव्हन्यांम्होरं मला जनावर केलं. लिवा."

बादलीवाली मावशी दारात थांबली. आबा लालबुंद. म्हनले, "डोकं फिरलंय हिचं!"

मी म्हनले, "फिरलंय. त्याचाच इलाज करा."

फेरीला आल्याली डाक्टरीनबाई ऐकत व्हती. वयानं माझ्याएवढीच आसंल. ती जमादाराला म्हनली, "केसची भीती कुणी घालू नका. ही पेशंट आहे. तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबा. तुम्हीसुद्धा, आबा." आबाला भाईर जा म्हननारं मानूस मी पैल्यांदाच बघितलं. मग स्टूल वढून ती माझ्यापाशी बसली.

"झोप कधीपासून नाही?"

एवढंच इचारलं. आन मी रडले. गाईवानी हंबरडा फोडून रडले.

पोट म्हनले असते तर पोटाची गोळी दिऊन घरी लावून दिलं असतं. खरं म्हनले म्हून अंबाजोगाईला मनाच्या डाक्टरकडं पाठिवलं. गोळ्या, बोलनं, परत बोलनं. येष्टीनं हेलपाटे. सोपं नव्हतं. पन हळूहळू भाकरीला चव आली.

आबानं शबुद पाळला. बैलं छावनीतनं हाकलली, इकावी लागली. गावानं मला नाव ठिवलं, "मरून आल्याली". नवरा आला तवा म्हनला, "मला कावून सांगितलं न्हाईस?" मी म्हनले, "इचारलंस कवा?" आता इचारतो. रोज न्हाई, पन इचारतो.

आन मी बी इचारते. टँकरच्या रांगंत, खुरपताना, फडात. सरळ तोंडावर: "मरावं वाटतं का गं?" लोक म्हनत्यात, असं इचारलं की डोक्यात भरतं. खोटं हाय. त्ये आधीच भरल्यालं असतं, इचारलं की भाईर पडतं. जी हो म्हनती, तिला मी एकटी सोडत न्हाई. तिच्यापाशी बसते, आन पैल्या गाडीनं तिला डाक्टरकडं नेते. चार जनी नेल्या. चारी हायत. एक तर परवा माझ्यासंगंच भांडली, इतकी बरी झाली.

त्याच हप्त्यात आबा चावडीवर चारचौघांत म्हनले, "ही बाई गावाची अब्रू येशीला टांगायली."

मी तिथंच उभी व्हते. म्हनले, "टांगते. बायांच्या मढ्यावर उभी आसंल तर कशाला पायजे ती अब्रू? आन ऐका आबा. म्होरं ह्या गावात एक जरी बाई अशी गेली, तर मी तिच्या दारात आडवी पडनार. ती कशानं गेली त्ये तुमी सगळ्यांदेखत खरं बोलल्याबिगर तिरडी उचलू देनार न्हाई. आन तशी पाळी येऊ ने म्हून आधी घर न् घर फिरनार, तुमच्या घरासकट. तुमच्या सुना बी इचारल्याबिगर सुटायच्या न्हाईत."

आबा उठून गेले.

जाऊ द्या. मी कुठं बी जायची न्हाई. मी लई वरीस जगनार हाय, ह्याच गावात, त्यांच्या डोळ्याम्होरं.