शेताचं ‘आहेत’ झालं

मंगलाबाईंना कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. पूर्वी बरं होतं. नाशकात मेन रोडच्या एका गल्लीत त्यांची छापखान्याची जागा, नवरा भिमाजी मशीनवर आणि त्या कॉम्प्युटरवर. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, मधूनच एखाद्या मास्तरांचा कवितासंग्रह. "आमची प्रेस आहे" म्हटलं की विषय मिटायचा.

मग पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, अहवाल पीडीएफ झाले, मशीन भंगारात गेलं. जागेचा पुढचा भाग मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिला. मागच्या अंधाऱ्या भागात मंगलाबाई, त्यांचा कॉम्प्युटर आणि पंखा एवढं उरलं. कवितासंग्रहवाले मास्तर मात्र कमी झाले नाहीत. उलट त्यांच्या जोडीला निवृत्त बँकवाले, नर्सा, एलआयसीचे एजंट, कॉलेजातली पोरं असे सगळे लिहायला लागले, आणि लिहून झालं की पुढं काय करायचं ते कळेना म्हणून मंगलाबाईंच्या टेबलासमोर येऊन बसायला लागले. गल्लीत त्यांना पुस्तकवाल्या मावशी असं नाव पडलं.

"मावशी, तो आयएसबीएन मिळाला म्हणजे पुस्तक सरकारमान्य झालं ना?" एक बँकवाले साहेब विचारत.

"नाय हो साहेब. तो नुसता नंबर. गाडीला असतो तसा. नंबर बघून गाडी चालती का नाय ते कळत नाय."

"आणि ऑडिओचे हक्क?"

"पुस्तक लिहून झालं का?"

"अर्धं झालंय."

"मग अर्धं लिहा. मग आपण हक्काचं भांडू."

मंगलाबाईंचा जीव मेटाकुटीला यायचा तो यानं नाही. अडाणी प्रश्नांना त्या कंटाळत नसत. त्यांना चीड होती ती कॉलेज रोडवरच्या हॉटेलात भरणाऱ्या लेखक शिबिरांची. तिथं एक सूटबूटवाला माणूस पॅकेज सांगायचा. कव्हर, छपाई, शाल, नारळ, पाहुणे आणि पुस्तकावर ‘बेस्टसेलर’ लिहिलेला सोनेरी गोल. गोल आधी छापून तयार, पुस्तक नंतर. लोक आनंदानं पैसे भरायचे आणि मग त्या गठ्ठ्यांना घरात जागा नाही म्हणून मंगलाबाईंकडेच विचारत यायचे, मावशी, दुकानात कुठं ठेवता येतील का हो.

"आपल्या पदरचं घालून पुस्तक काढायचं नाय," मंगलाबाई प्रत्येकाला सांगायच्या. "लिहिलंय चांगलं, तर छापणारा पैसे घालील. धीर धरा."

"तुमच्याकडनं धीर धरून कुणाचं आलं का अजून?" बँकवाले साहेब एकदा सरळच म्हणाले.

आलं नव्हतं. मोठ्या संस्थांकडून पूर्वी निदान नकाराचं कार्ड तरी यायचं. आता मेल पाठवला की कुठल्या तरी खड्ड्यात पडायचा. कधी उत्तर आलंच तर एका ओळीचं, लेखकाचे फॉलोअर किती. मंगलाबाईंनी एका नर्सबाईंच्या वतीनं लिहिलं होतं, ‘वॉर्डातले सगळे.’ पुढं काही आलं नाही.

म्हणून कुसाबाईंचं पुस्तक त्यांना इतकं लागून राहिलं होतं. हे एक नीट निघालं असतं, तर साहेबांच्या तोंडावर टाकायला काही तरी हातात आलं असतं.

कुसाबाई नामपूरच्या, बोलणं अहिराणी. कांदा मार्केटच्या फाटकाशी त्यांची चहाची टपरी. कांदे निवडणाऱ्या बायांना चहा पाजता पाजता त्यांनी कांदा साठवायच्या चाळीत राबणाऱ्या रंगी नावाच्या बाईची कादंबरी लिहून काढली. नाव ‘गोल्टी’. गोल्टी म्हणजे बारका कांदा, निवडताना बाजूला पडतो तो. फुलस्केपांचा गठ्ठा साडीच्या पिशवीत घालून त्या एसटीनं नाशकाला आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मी लिखेल शे. चांगलं नही तर चुलीमा घाला, पन तोंडवर सांगा."

मंगलाबाईंनी वाचलं आणि चुलीचा विषयच काढला नाही. त्यांनी स्वतः बसून सगळं टाइप केलं. रंगी आणि बाकीच्या बाया बोलायच्या तेव्हा ताटात फोडणी पडल्यासारखं वाटायचं. मधली गोष्ट सांगणारी मात्र इस्त्रीची. ‘रंगी चाळीत बसली आहे. समोर कांद्याचा ढीग आहे.’ सगळं असं आहे, आहे, आहे.

"कुसाआक्का, बाया बोलतात ते भारी. पण मधलं असं शाळेतल्यासारखं का हो?"

"पुस्तकमा तसंच लिखतस ना?"

"हो, तसंच लिहितात," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांनीही आयुष्यभर तसंच टाइप केलं होतं.

संस्थांकडे पाठवणं, वाट बघणं, पुन्हा पाठवणं यात बराच काळ गेला. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या प्रकाशनातून रोहित नावाच्या संपादकाचा फोन आला. पोरगा गोड बोलणारा होता. कादंबरी आवडली, म्हणाला. पैसे भरायचे नाहीत. आधी ई-बुक, मग ऑडिओ, मागणी येईल तशी छापील प्रत. मंगलाबाईंनी खुर्चीतून उठून भिमाजींना पाणी आणायला सांगितलं.

"फक्त एक आहे, ताई," रोहित म्हणाला. "ते ‘शे’. आपल्या श्रोत्यांना कळत नाही. सांगलीच्या माणसाला वाटेल, शंभर म्हणायचंय का काय. तिथं ‘आहे’ करू. बाकी हात लावत नाही."

कुसाबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या टपरीवर चहा गाळत होत्या.

"रंगी ‘आहे’ म्हननी तर बाजारमा तिले कोन वयखई, ताई?"

"ओळखतील हो, आक्का. एक शब्द सोडा. बाकी सगळं मी राखते. असा प्रकाशक पुन्हा मिळणार नाय. लय दारं वाजवलीत मी तुमच्यासाठी."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे मंगलाबाईंना बोलतानाच कळलं होतं. पण ते लागू पडलं.

"तुम्ही म्हंतस तर करा," कुसाबाई म्हणाल्या.

ई-बुक आलं त्या दिवशी मंगलाबाईंनी पेढे आणले. बँकवाल्या साहेबांनाही दिले आणि मुद्दाम दोन दिले. पेढा अजून साहेबांच्या तोंडात होता तेवढ्यात फोन वाजला.

"मंगलाताई," कुसाबाई म्हणाल्या, "मनं शेत कथा गयं वं?"

"कुठं जाईल शेत? कुणी अडवलं का?"

"पुस्तकमधलं. महेशनी वाचं ना टपरीवर, सगळा बायासमोर."

महेश म्हणजे कुसाबाईंचा भाचा, मार्केटमध्ये तोलाईला. त्यानं फोनवर पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती. मंगलाबाईंनी धावत जाऊन कॉम्प्युटरवर उघडलं. पहिल्याच पानावर होतं, ‘रंगी पहाटे उठून आहेतात गेली.’

कुणी तरी एका फटक्यात सगळ्या पुस्तकातल्या ‘शे’चं ‘आहे’ करून टाकलं होतं. कुठला ‘शे’ एकटा आणि कुठला शब्दाच्या पोटातला, ते कुणी बघितलंच नव्हतं. शेताचं आहेत झालं होतं. शेजारीण आहेजारीण झाली होती. अंगण आहेणानं सारवलं होतं आणि रंगी आहेळीला पाला घालत होती. ढीग दोनआहे रुपयांनी गेला होता. विशेष म्हणजे ‘विशेष’ पण वाचला नव्हता.

"सगळा बाजार माले ‘आहेतकरीण’ म्हनी ऱ्हायना," कुसाबाई म्हणाल्या. आधी त्या हसल्या. मग हसू थांबलं. "बाया म्हंतस, कुसाबाई, इतली लिखी लिखी हाईच लिखं का?"

फोन ठेवल्यावर मंगलाबाईंनी पेढ्यांचा पुडा साहेबांच्या पुढून उचलून आत ठेवला.

रोहितला फोन लागायला संध्याकाळ झाली.

"पुस्तक कुणी वाचलं होतं का चढवण्याआधी?" त्यांनी विचारलं.

"ताई, आता मुद्रितशोधक राहिले नाहीत आमच्याकडे. सॉफ्टवेअर बघतं. ‘आहेत’ हा शब्द बरोबरच आहे ना, त्यामुळे ते सुटलं."

"आणि आहेजारीण?"

"ते विशेषनाम समजलं असेल." त्याचा आवाज दमलेला होता. "आमच्या टेबलावर चार जण होते, आता मी एकटा उरलोय, ताई. पण ई-बुक आहे ना, काळजी नको. मी लगेच उलटं फिरवून टाकतो."

"उलटं म्हणजे कसं उलटं? अहो, थांबा, मी फाइल..."

त्यानं फोन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नवीन पुस्तक चढलं होतं. शेत परत आलं, शेजारीण परत आली, शेळीही परत आली. पण आता सगळ्या ‘आहे’चं ‘शे’ झालं होतं. मधल्या इस्त्रीच्या सांगणारीचं सुद्धा. ‘रंगी चाळीत बसली शे. समोर कांद्याचा ढीग शे. बाया गप्प शेत.’ लग्नाच्या प्रकरणात मामानं भाचीला आहेर केला होता, तिथं ‘मामानं मोठा शेर आणला’ असं होतं.

भिमाजी चष्मा लावून मागून वाचत होते. "पिंजऱ्यात आणला का मोकळा?"

"तुम्ही गप बसा हो."

"मी काय म्हणतो, वऱ्हाडाचं जेवण झाल्यावर आणला असंल तर..."

मंगलाबाईंनी कॉम्प्युटरचा माउस आपटला. आपण शहाण्यासारखं एक पाऊल मागं घेतलं, त्याचं हे झालं. पैसे घेऊन सोनेरी गोल चिकटवणाऱ्यांनी सुद्धा शेताचं आहेत केलं नसतं. त्यांनी काही वाचलंच नसतं, जसं आलं तसं छापलं असतं. हा विचार त्यांना इतका झोंबला की त्यांनी पुडा काढून एक पेढा खाल्ला.

मग त्या स्वतः बसल्या. एकेक ओळ डोळ्यांनी वाचून प्रत्येक ‘शे’ आणि ‘आहे’ आपापल्या जागी बसवायला लागल्या. निम्मं झालं होतं तेव्हा दारात कुसाबाई उभ्या. हातात कांद्याच्या पातीची जुडी.

"फोन तरी करायचा, आक्का. बसा. ही बघा नवी फाइल, उद्या पाठवते. माफ करा, लय मनस्ताप झाला तुम्हाला."

"ते ऱ्हाऊ द्या. ते कालदिनचं वाचा जरा. शेरवालं."

"ते चुकीचं आहे हो."

"वाचा ना वं."

मंगलाबाईंनी वाचलं. ‘रंगी चाळीत बसली शे. समोर कांद्याचा ढीग शे.’ कुसाबाई खुर्चीच्या कडेला बसून डोळे मिटून ऐकत होत्या.

"महेशनी काल हाई वाचं," त्या म्हणाल्या. "एक बी बाई हसनी नही. शेरले हसन्यात, बाकी नही. मंगलाताई, पहिले सांगणारी कोनी मास्तरीण व्हती. आते ती मी शे." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "शेर तेवढा काढा. बाकी असंच पाहिजे. आनि ‘चाळीत बसली’ बी नको. पुरं आपलं करा."

"पुरं म्हणजे सगळं पुस्तक?"

"सगळं."

मंगलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी दारं वाजवली, इतकी वाट पाहिली, बोलणाऱ्या बायांसाठी एका ‘शे’वर माघार घेतली, आणि आता ही बाई सांगणारीलाही नामपुरात नेऊन बसवणार. त्यांनी रागारागात रोहितलाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

रोहितनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "ताई, असं नाही जमणार. मग आम्हाला पुस्तक मागं घ्यावं लागेल. त्या भावनेच्या भरात आहेत. तुम्ही समजूतदार आहात, तुम्ही समजवा ना त्यांना. मागच्या वेळी तुम्हीच समजावलं होतं."

मंगलाबाईंनी समोर पाहिलं. कुसाबाई पातीची जुडी सोडून टेबलावर उगाच नीट लावत होत्या. मागच्या वेळेसारख्याच त्या काही म्हणणार नव्हत्या, तुम्ही म्हणता तर करा, एवढंच म्हणतील, हे मंगलाबाईंना दिसलं. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"मागच्या वेळी माझं चुकलं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "घ्या मागं."

"ताई, नीट विचार करा. दुसरं कोण घेणार असं पुस्तक?"

"ते मी बघते. तुम्ही ते शेरवालं आधी उतरवा तिथनं."

त्यांनी फोन ठेवला. बाहेर कव्हरवाल्याकडे कुणी तरी भाव करत होतं. भिमाजींना काही तरी सुचलं होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"गयं का मग?" कुसाबाईंनी विचारलं.

"गेलं. आता पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मेल, पुन्हा फॉलोअर किती. आणि त्या बँकवाल्या साहेबाला मी पेढा दिलाय, तो आता आयुष्यभर विचारील मला." मंगलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "अहिराणी मला येत नाय, सांगून ठेवते. माझं माहेर चांदवड. तुम्ही सांगायचं, मी टाइप करणार. आणि मध्ये मध्ये रडायचं नाय."

"मी कथी रडस?"

"मी माझ्याबद्दल बोलत होते. सांगा. ‘रंगी चाळीत बसली शे.’"

"चाळमा."

"चाळमा. बसली शे."

"बठेल शे."

मंगलाबाईंनी बॅकस्पेसचं बटण असं हाणलं की भिमाजी दचकले. "ठ का ट?"

"ठ. बठेल. पोटमधून म्हना."

"मी टाइप करतीय, आक्का, गात नाय," मंगलाबाई करवादल्या, आणि त्यांनी पहिली ओळ पुन्हा लिहिली.