पहिला सलाम

शांतवनमामा एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ, झाले, म्हणजे तसं पाहिलं तर त्यांची नोकरी बदललीच नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी प्रश्नोत्तरं तेच शिकवायचे. एक शब्द चुकला तरी ‘पुढच्या महिन्यात या’. विनातिकीट कुणाला स्वर्गात शिरू देतील तर शपथ! मी सख्खा भाचा, पण मलाही त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, राहायचे अंबडला आणि आमच्या घनसावंगीकडच्या गावात महिन्यातून एकदाच यायचे. मधले सगळे रविवार मामांचेच.

अंगद शिकायला येऊन बसला तेव्हा मात्र सगळ्या मंडळीच्या माना त्याच्याकडे वळल्या. हा तोच अंगद, ज्याची काळीपिवळी जीप अंबड रस्त्यावर उलटली आणि मामांची एकुलती एक मोनाली गेली. पिऊन चालवत होता. शिक्षा भोगून परत आला. तुरुंगात तो प्रार्थनेला बसू लागला होता आणि आता त्याला बाप्तिस्मा हवा होता.

मामांनी त्याला शिकवायला नकार दिला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. मूर्खच मी! ते त्याच्या नापास होण्याची वाट बघत होते, हे मला फार उशिरा कळलं.

अंगदला पाठांतर जमेना. “तारण कशानं होतं?” असं विचारलं की तो मान खाली घालायचा.

“साहेब, मला बोलता येत न्हाई. देवानं मला हाकललं न्हाई, एवढंच कळतं.”

“हे उत्तर न्हाई,” मामा म्हणायचे आणि पुस्तक मिटायचे.

असं वर्षभर चाललं. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, “शांतवनराव, बास झालं. आता त्याला गोदावरीवर आणा.”

आमच्या मंडळीची एक रीत आहे. पाण्यातून वर आलेल्या माणसाचा हात धरून पहिला सलाम मंडळीच्या वडिलांनी करायचा. तोवर बाकी कुणी त्याच्याजवळ जात नाही. मामांनी आजवर कितीतरी जणांना असा सलाम केला होता, अगदी तोंडभरून.

त्या रविवारी अंगद पाण्यातून वर आला, दोन्ही हात पुढे करून मामांसमोर उभा राहिला. मामांचे हात पाठीमागे. गाणं म्हणायला उभ्या असलेल्या बायाही थांबल्या. मला मामांचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मनात म्हणत होतो, मामा, नकाच करू. मोनाली माझ्या बरोबरीची होती. आम्ही एकाच बाकावर बसून शिकलो.

मामा वळले आणि वाळूतून चालू लागले.

मग द्वारकामामी पुढे झाली. रीतबीत बाजूला ठेवून ती साडीसकट पाण्यात उतरली. तिने अंगदचे हात धरले. “सलाम, अंगद,” ती म्हणाली. एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडला.

मी तावातावाने मामांच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते.

“मामा, त्याचं पाप धुतलं गेलं यावर तुमचा विश्वास न्हाई का?”

“बिलकुल हाय. तेच तर सोसंना मला.” त्यांचा आवाज कापत होता. “नदीवर मी मनात म्हणून राह्यलो होतो, देवा, एवढी एक गोष्ट खोटी निघू दे. सैतानालाबी सगळं खरं हाय हे कळतं, बाबा. त्याचाबी विश्वास पक्का. म्हणून तर तो थरथर कापतो. हे मीच शिकवत आलो लोकांना. मंग त्याच्यात अन् माझ्यात फरक काय राह्यला?”

 

तेवढ्यात मामी आली, ओल्या साडीतच. मामांनी तिच्याकडे बघितलं. “तुला कसं जमलं गं?”

“कुठं जमलं?” मामी कडाडली. “पोटात आग हाय अजून. मी म्हणलं, देवा, मला न्हाई जमत, तू धर मला. अन् उतरले.”

“मी देवाला असं कधी म्हणलोच न्हाई,” मामा म्हणाले. “तो खरा हाय, एवढंच म्हणत आलो सगळ्यांना. त्याच्यावर भार टाकून बघितलाच न्हाई.”

“मंग आता टाका.”

घरोघरी चहा थंड होईपर्यंत प्रार्थना करणाऱ्या मामांनी हात जोडले. ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले. मला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना. मामीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मामांनी डोळे उघडले.

“देवाला हाक मारायला जातो,” ते म्हणाले, “अन् तोंडात मोनालीच येती.”