ट्रॅक्टरचा मागचा लाईट

केदारनाथअप्पांनी आधी ट्रक चालवला, मग काळीपिवळी, आणि आता साठी उलटल्यावर ते वडवणीच्या आठ मुलींना जीपमधून बीडला क्लासला नेतात, परत आणतात. छत्तीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कुणाची कोंबडी आली नाही. पण मागच्या सोमवारी समोरच्या गाडीचा पांढराफटक उजेड डोळ्यांत घुसला, म्हणून त्यांनी जीप कडेला घेऊन उभी केली आणि एका मुलीनं घरी सांगितलं, "अप्पांना दिसंना गेलंय."

झालं. दुसऱ्या दिवशी तिची आई शिवकांताबाई स्वतःच्या गाडीतून दारात. "पोरींचा जीव हाय, अप्पा. न्हाईतर दुसरा ड्रायव्हर बघतो आमी."

अप्पांचा मुलगा युवराजही तिच्याच बाजूचा. "बास झालं आता. घरी बसा."

"माझे डोळे चांगले हायेत बे! मोतीबिंदू काढून वरीस झालं, मुंगीचे पाय मोजतो. पण समोरच्यानं डोळ्यात सूर्य मारल्यावर काय बघू? पहिलं डिपर दिला की समोरचा लाईट खाली करायचा. आता डिपर दिला की त्याला शिवी दिल्यावानी वाटतं. आणखी दोन लावतो!"

शेवटी ठरलं की सून रोहिणीनं एक दिवस सोबत जायचं आणि ती म्हणेल ते खरं. तिची स्वप्नाली त्याच जीपमध्ये असायची. पोटची पोर गाडीत असताना ती सासऱ्याची भीड धरणार नाही, हे शिवकांताबाईंनाही पटलं.

थंडीचे दिवस. येताना साडेसहालाच अंधार पडला. रोहिणी पुढं बसून रस्त्यापेक्षा अप्पांकडंच बघत होती. समोरून निळसर लाईटची मोटारसायकल आली, मागोमाग एक उंच गाडी.

"बघ, लग्नाचा मांडवच घेऊन निघालाय," अप्पा पुटपुटले.

चौथ्या गाडीला रोहिणीनंच डोळे गच्च मिटले. मिटल्यावर तिच्या लक्षात आलं, की अप्पांना तेवढीही सोय नाही.

वडवणी चार किलोमीटरवर आली आणि तिला आपल्याच बाजूला एक झगझगीत पांढरा लाईट दिसला.

"अप्पा, गाडी! आपल्याच अंगावर येतीय!"

अप्पांनी जीप खाली मुरुमावर उतरवली, ब्रेक दाबला. मागच्या मुली एकमेकींवर आदळल्या. लाईट काही जवळ येईना.

"मम्मी," मागून स्वप्नाली म्हणाली, "ती येत न्हाई. जातीय."

अप्पांनी दमानं जीप पुढं नेली. तो ट्रॅक्टर निघाला. अप्पांनी हॉर्न देऊन तो थांबवला. रात्री शेतात रोटा मारून ढेकळं फोडताना मागं उजेड पडावा म्हणून लावलेला लाईट तसाच चालू होता, आणि सीटवर कानाला मफलर गुंडाळून युवराज बसला होता.

रोहिणी खाली उतरली. "कावून चालू ठिवलाय हो त्यो लाईट?"

"अगं, मागून कुणी धडकू न्हाई म्हणून."

"धडकू न्हाई म्हणून!" अप्पांचा आवाज चढला. "तुझी लेक बसलीय इथं! समोरून गाडी आली असं वाटून खड्ड्यात गेलतो आमी. आधी बंद कर त्यो!"

युवराजनं बटण दाबलं. त्यासरशी अख्खा ट्रॅक्टर दिसेनासा झाला. मागचे लाल दिवे फुटून वर्ष झालं होतं.

अप्पांनी कपाळावर हात मारला. "चल पुढं. मी मागनं येतो."

मग जीप दोन्हीकडचे दिवे लुकलुकवत ट्रॅक्टरच्या मागं बैलाच्या चालीनं निघाली. मागं गाड्यांची रांग लागली, प्रत्येकाचा लाईट आरशात आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर. एवढ्यात शिवकांताबाईंचा फोन आला.

"कुठं हायेत पोरी?"

"येतोय. उशीर होईल," रोहिणी म्हणाली. "अप्पांचे डोळे ठीक हायेत. उद्यापासून तेच नेतील, माझी स्वप्नाली त्यांच्याच जीपमधी बसंल. आन् ताई, तुमच्या गाडीच्या लाईटचा उजेड किती वर जातो, एकदा भिंतीवर मारून बघा."

"आमची गाडी नवी हाय," शिवकांताबाई म्हणाल्या.