झाडाखालचे दाजी

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा काय करतो असं आईने विचारलं. "झाडांवर उपचार करतो," असं उत्तर मिळालं. आईला वाटलं, वैद्य असेल. लग्नानंतर महिन्याभरातच कळलं, की जावई दोर, करवत आणि लाकडी हातोडा घेऊन लोकांच्या आवारातली झाडं तपासतो, कुजलेल्या फांद्या उतरवतो, पोखरलेलं खोड वाचतं का बघतो. आईने कपाळाला हात लावला. मी मात्र दुसऱ्याच वर्षी दाजींच्या हाताखाली कामाला लागलो.

सुरुवातीला दाजी स्वतः चढायचे. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि आमची अदलाबदल झाली. मी वर, दाजी खाली. बावीस वर्षं हेच चाललं. मी सारखा शेंड्याकडे सरकतो म्हणून ते मला 'शेंड्या' म्हणायचे. आमच्या कामाच्या टोळीतही मग तेच नाव पडलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चढणाऱ्याचं काम मोठं. पण चढणाऱ्याचा जीव खालच्याच्या मुठीत असतो. कापायची फांदी आधी दोराने बांधायची. तो दोर वरच्या बेचक्यातून खाली आणायचा, खोडाला दोन-तीन वेढे द्यायचे आणि टोक दाजींनी धरायचं. मग मी खालून एक चीर द्यायची आणि वरून कापायचं, म्हणजे फांदी जाताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही. फांदी सुटली की दाजी वेढ्यांमधून दोर सोडत जायचे आणि चार माणसांच्या वजनाचं ते धूड गवतावर असं टेकायचं, की खालची मुंगीसुद्धा दचकू नये. आमची भाषा तीन शब्दांची होती. धरा, सोडा, थांबा.

दाजींचं खरं नाव झालं होतं ते मात्र हातोड्यामुळे. कुठलंही झाड आलं की ते खोडावर हातोडा वाजवत गोल फिरायचे. मान किंचित कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. "इथं भरीव. इथं भरीव. इथं हातभर पोकळ." नंतर खोड उघडलं की बरोबर हातभर. एकदा एका बंगल्यातल्या बाईंनी विचारलं, "नुसत्या आवाजावरून कसं हो कळतं?" दाजी म्हणाले, "बाई, माणूस पोकळ असला तर बोलण्यातून कळतं की नाही? तसंच. फक्त झाड शहाणपणा करत नाही."

त्यांच्यात काहीतरी बिघडतंय हे पहिल्यांदा ताईच्या लक्षात आलं. ती माझ्याकडे तक्रार करायची, "दोन-दोन हाका मारते, पण ओ द्यायचं नाव नाही. म्हातारपणी भाव खायला लागलेत." आम्ही हसायचो. नंतर दाजी हातोडा माझ्या हातात द्यायला लागले. "तूच वाजव, माझा खांदा धरलाय." मी वाजवायचो आणि ते खोडाला तळहात लावून उभे राहायचे. काम चालू असताना ते माझ्यावरून नजर हलवत नसत, पापणीसुद्धा लवत नसे. मला वाटायचं, वय झालं तशी माणसाची काळजी वाढते. ते माझे ओठ आणि हात वाचत होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शाळेच्या मागे एक जुनं शिरीषाचं झाड होतं. त्याची एक थोराड फांदी वर्गांच्या छपरावर कलली होती. त्या दिवशी मुकादम, म्हणजे आमच्या टोळीचा प्रमुख, स्वतः हजर होता. त्याने सगळ्यांसमोर दाजींना हातोडा दिला. नाही कसं म्हणणार? दाजी झाडाभोवती फिरले, वाजवलं आणि म्हणाले, "ठणठणीत आहे."

मी चढलो, फांदी बांधली, वरून करवत लावली. वीतभर आत जाते न जाते तोच पांढऱ्या भुशाऐवजी चॉकलेटी भुकटी उडायला लागली. आतून सगळं कुजलं होतं. फांदी माझ्या कापाची वाटच न बघता कुरकुरली. मी जीव तोडून ओरडलो, "दाजी, धरा! धरा!" पण मध्ये पानांचा गच्च पडदा होता. त्यांना मी दिसत नव्हतो. फक्त दोर थरथरताना दिसला आणि त्यांना वाटलं, मी सोडा म्हणालो असेन. त्यांनी सोडला.

फांदी झोका घेऊन माझ्यावर आली. पट्ट्यामुळे मी खाली पडलो नाही, पण खोड आणि फांदी यांच्यामध्ये माझा डावा पाय सापडला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मला खाली उतरवलं तेव्हा दाजी माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखं विचारत होते, "तू काय म्हणालास? शेंड्या, तू वरून काय म्हणालास?"

पाय प्लास्टरमध्ये असतानाच मी आणि ताई त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे सरकवला. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा जेमतेम. इतकी वर्षं यंत्रांच्या आवाजात काम करता, मग कान झाकत नव्हता का, असं त्यांनी विचारलं. दाजींना ऐकू गेलं नाही, म्हणून बाईंनी तोच प्रश्न कागदावर लिहिला. दाजींनी तो वाचला आणि सहज, एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले, "झाकले असते तर ह्याची हाक कशी ऐकू आली असती?"

बावीस वर्षं माझे कान झाकलेले होते. करवत कानाशी घोंघावते म्हणून पहिल्याच आठवड्यात मला जाड कानटोप दाजींनीच आणून दिले होते. ते स्वतः मात्र फांद्या भरडायच्या यंत्राच्या बाजूला, दिवसदिवस, उघड्या कानांनी माझ्या आवाजाची वाट बघत उभे असायचे.

परतताना ताई औषधाच्या दुकानात गेली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "मुकादमाला सांगू नकोस. हात घसरला असं मी सांगितलंय. डोळे शाबूत आहेत माझे, मी डोळ्यांनी सांभाळतो." मी मान डोलावली.

चार दिवसांनी मुकादम मला बघायला घरी आला. इकडचंतिकडचं बोलून झालं. उठता उठता तो म्हणाला, "सोमवारपासून दाजींच्या दोरावर दुसरा माणूस चढवतोय. दोन लेकरांचा बाप आहे. तुला काही सांगायचंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

दाजींना कुणी हाकललं नाही. मुकादम भला माणूस, त्याने त्यांना गोदामात करवतींच्या साखळ्यांना धार लावायला बसवलं. कामात खोट नव्हतीच. त्यांनी धार लावलेली साखळी लाकडात लोण्यासारखी जायची. पण डबा खाताना सगळे हसले की दाजी सगळ्यांचे चेहरे बघून एक क्षण उशिरा हसायचे. यंत्र बसवलं कानात, तर त्यात माणसांपेक्षा भांडीच जास्त वाजतात म्हणून काढून ठेवलं. आठ महिन्यांनी ते घरीच बसले. पुढच्याच वर्षी आमच्या टोळीला काम देणाऱ्या कार्यालयाने नवी हेल्मेटं आणली, कान झाकलेले आणि आतच बोलायची सोय. आता वरचा माणूस कुजबुजला तरी खालच्याला ऐकू जातं.

मी सांगितलं हे दाजींना कळलं होतं. ते मला एका अक्षराने बोलले नाहीत. बोलली ती ताई, स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता. "तुझ्या हाकेपायी कान गेले त्यांचे. आणि त्यांच्या हातातला दोर तूच काढून घेतलास."

"ताई, उद्या कुणी मेला असता तर?"

"माहितीये मला," ती म्हणाली. "तू चुकलास असं कुठे म्हणतेय मी?" आणि ती पाठ फिरवून उभी राहिली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही ताईच्या घराजवळच्या बागेत निलगिरी उतरवत होतो. दुपारी मी वरून पाहिलं, तर लोकांना अडवायला भोवती बांधलेल्या पट्टीखालून वाकून दाजी आत आले होते. फांदीच्या अगदी खाली, दोन्ही हात पाठीमागे, मान वर. दोरावरचा नवा गडी त्यांना ओळखत नव्हता. "ओ बाबा! बाजूला व्हा! बहिरे आहात काय?" तो पुन्हा पुन्हा ओरडत होता. दाजी हसत माझ्याकडे बघत होते. मी त्यांना बघून आनंदाने हात हलवतोय, असं त्यांना वाटलं असावं. मी हाताने मागे, मागे म्हणत होतो.

मी करवत बंद केली आणि घाईघाईने खाली उतरलो. त्यांचा दंड धरून त्यांना पट्टीबाहेर नेलं. तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून वर लटकलेली अर्धी कापलेली फांदी पाहिली, मग आपण उभे होतो ती जागा पाहिली.

"मी तिथं उभा होतो?"

मी होकारार्थी मान हलवली.

"दुसरा कुणी असा उभा राहिला असता ना, तर मी कानफटात दिली असती," ते म्हणाले. आवाज चढलेला होता, हल्ली तो नेहमीच चढलेला असतो. टोळीतले सगळे आमच्याकडे बघायला लागले. मला काहीतरी बोलायचं होतं, इतक्या वर्षांचं. पण ते बोलायचं तर मला ओरडावं लागलं असतं, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. मी त्यांच्या सदऱ्यावर पडलेला भुसा झटकला.

"जा," दाजी म्हणाले. "माणसं खोळंबलीत तुझी."

ते फाटकातून बाहेर पडले. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला, तो वैतागून त्यांना वळसा घालून गेला. त्यानंतर दाजी आमच्या कुठल्याही कामावर आले नाहीत. मी रविवारी जातो. ते अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात, मी शेजारी दुसरी खुर्ची घेतो, आणि ताई आम्हा दोघांना चहा देऊन आत जाते.